राजेश्रीच्या फोटोंचा क्रम

२४ जुलै २०२५, गुरुवार

प्रशिक्षण आज संपलं एकदाचं. तीन दिवस परभणीला एका हॉलमध्ये बसून माणूस कसा वाढतो ते ऐकलं. शैशव, पूर्वबाल्य, उत्तरबाल्य, कुमारवय, तारुण्य, प्रौढपण, म्हातारपण. आज दुपारी म्हातारपण आलं तेव्हा निम्मा हॉल डुलक्या घेत होता.

जाताना गृहपाठ दिला. आपल्या वर्गातलं एक मूल निवडायचं. त्याचे जन्मापासून मिळतील तेवढे फोटो जमवून वयाच्या क्रमाने वहीत चिकटवायचे. शेजारी लिहायचं की त्या वयाचं मूल काय काय करतं आणि हे मूल काय करत होतं. सप्टेंबरअखेर वही द्यायची. बाकीच्या शिक्षिका कुरकुरत होत्या, मला मात्र मजा वाटली. फोटोंच्या बाबतीत मी जरा श्रीमंतच आहे. पप्पा पाटबंधारे खात्यात क्लार्क होते. दर अशोक विजयादशमीला आम्हाला पांढरे कपडे घालून ते स्टुडिओत नेत आणि एकेकाचा फोटो काढून घेत. ते गेले त्या सालीही आईने मला नेलंच. माझे एकतीस फोटो आहेत, एकही साल चुकलेलं नाही. ओळीने ठेवले की माणूस वाढताना दिसतो.

मूलही बसमध्येच ठरलं. पहिलीतली राजेश्री. दाखल्यावर तिची सात वर्षं भरली आहेत. आईवडील ऊसतोडीला जातात म्हणून गेल्या साली नाव घातलं नव्हतं. वयाने वर्गात सगळ्यात मोठी आणि दिसायला सगळ्यात लहान. ऑक्टोबरच्या दहा तारखेला तालुक्याला तपासणी शिबिर आहे. त्याच्या यादीत तिचं नाव मी गेल्याच आठवड्यात लिहून दिलंय. ‘बौद्धिक अक्षमता, संशयित’. तिथे शिक्का बसला की प्रमाणपत्र, सवलती, वेगळा शिक्षक सगळं मिळतं. वहीचा उपयोग शिबिरालाही होईल. एका दगडात दोन पक्षी मारल्याचं समाधान घेऊन बोरीला उतरले.

२८ जुलै, सोमवार

आजपासून निरीक्षण सुरू. बोरीच्या माझ्या खोलीवरून शाळा स्कूटीवर सहा किलोमीटर, त्यातले शेवटचे दोन चिखलाचे. माळावरची वस्ती, दोन खोल्यांची शाळा, एकतीस लेकरं, मी आणि मुख्याध्यापक बन्सीधर सर. सरांची तीन वर्षं उरली आहेत. कोणतीही अडचण सांगा, ते आधी चष्मा पुसतात.

राजेश्रीला नाव विचारलं, पूर्ण सांगितलं. वय विचारलं तर तोंडाने ‘सात’ म्हणाली आणि हाताची पाच बोटं दाखवली. संख्याबोध नाही, असं लिहिलं. माणूस काढायला सांगितला. तिने एक गोळा काढला आणि त्या गोळ्यालाच दोन पाय लावले. पोट नाहीच. असं चित्र चार-पाच वर्षांचं मूल काढतं, असं पुस्तकात आहे. लंगडीत दुसऱ्या उडीला पाय टेकते. खिचडी खाल्ली की पाटीवर डोकं ठेवून गाढ झोपते. उठवलं तर रडत नाही, माझ्या ओढणीला तोंड पुसते.

बोलायला मात्र चुरचुरीत आहे. आमची शेळी दोन दिवस झाले रुसलीय, तिचं पिल्लू पावण्यांनी नेलं, आता ती आजीकडं बघत न्हाई, असं सगळं सविस्तर सांगितलं. मागे पडलेलं मूल इतकं नीट बोलेल का, अशी शंका आली होती. पण एकट्या बोलण्यावर जाऊ नये, असं प्रशिक्षणात बजावलंय.

२ ऑगस्ट, शनिवार

राजेश्रीची आई आली होती, पार्वती. असेल सत्तावीस-अठ्ठावीसची. रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून तिने चार फोटो काढले आणि माझ्या टेबलावर एकेक करून मांडले. पहिल्यात बाळ पालथं पडलंय, मान वर, गालाला काजळाचा टिक्का, मागे स्टुडिओतलं तळ्याचं चित्र. दुसऱ्यात अगदी तान्हं बाळ फडक्यात गुंडाळलेलं, पार्वतीच्या मांडीवर. तिने तोंडावर पदर ओढलाय, शेजारी नवरा दत्ता, त्याच्या तोंडाला गमछा, हातावर कसलासा निळा शिक्का, मागे पिवळी भिंत. तिसऱ्यात अडीच-तीन वर्षांची राजेश्री ऊसगाडीच्या चाकाशेजारी उभी. चौथा गेल्या वर्षीचा अंगणवाडीतला, डोक्यावर कागदी मुकुट.

मी पहिल्या दोन फोटोंची अदलाबदल केली. तान्हा आधी, पालथा नंतर. पार्वतीने लगेच हात पुढे करून ते परत होते तसे ठेवले.

“न्हाई बाई. हा आधीचा, अन् हा मागचा.”

मी तिला समजावून सांगितलं. पालथं पडून मान वर केलेलं बाळ चार महिन्यांचं असतं. मांडीवरच्या बाळाने अजून मान धरलेली नाही, ते दोन-अडीच महिन्यांचं. मूल पुढे जातं, मागे येत नाही. जन्म जूनचा, म्हणजे मांडीवरचा फोटो ऑगस्टचा असणार, गाडीवरून आले असतील म्हणून तोंडं बांधलेली. तिने सगळं ऐकून घेतलं. पालथ्या बाळाच्या फोटोवर बोट ठेवलं.

“तुमाला ठाऊक बाई,” म्हणाली. मग उठताना विचारलं, “हा फोटू माघारी मिळंल का? बाकीचे ठिवले तरी चालतेल.”

मी म्हटलं सगळेच मिळतील, मी मोबाइलवर उतरवून घेते. कामाच्या रगाड्यात या बायांना लेकरांची सालंमहिने कुठून लक्षात राहणार. वाईट वाटलं.

१७ ऑगस्ट, रविवार, परभणी

सुट्टीला आईकडे. राजेश्रीचे फोटो आणि माझे फोटो शेजारी शेजारी लावले, तुलना म्हणून. माझा सहाव्या वर्षीचा फोटो बघून हसू आलं. पांढरा फ्रॉक, दोन वेण्या, आणि खालचे पुढचे दोन दात गायब. सातव्या वर्षीच्या फोटोत वरचे दोन फावड्यासारखे आलेत. राजेश्रीचे दात मी मुद्दाम शुक्रवारी झेंडावंदन झाल्यावर बघितले. सगळे बारके, पांढरेशुभ्र, एकही हलत नाही. सातव्या वर्षी एकही दात पडलेला नाही, म्हणजे शरीराची वाढही मागे आहे. वहीत तसं लिहिलं.

आई चहा घेऊन आली. मोबाइलवरचा राजेश्रीचा परवाच्या झेंडावंदनाचा फोटो तिने हात लांब करून, डोळे बारीक करून पाहिला. म्हणाली, “ही सातची? काहीबी काय. सहाची बी न्हाई ही.”

मी म्हटलं, अगं दाखला आहे. आई म्हणाली, दाखल्याला काय दात असतात का. आईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तिचं शिक्षण सातवी, आणि तीन लेकरं वाढवली एवढ्यावर तिला सगळंच कळतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आजचा दिवस वाईट.

सकाळी दत्ता आला, राजेश्रीचा बाप. दाराबाहेरच उभा राहिला. यादीतून पोरीचं नाव काढा म्हणाला. मी त्याला खुर्ची दिली आणि प्रमाणपत्राचे फायदे सांगितले. शिष्यवृत्ती, मदतनीस, बसचा पास. तो मान हलवत राहिला.

“एकदा येडी लिवलं का मग सुटत न्हाई बाई. लगीन व्हईपतोर सुटत न्हाई.”

मी म्हटलं, तिला मदत हवी आहे, ती कागदाशिवाय मिळत नाही. त्याला आणखी काहीतरी सांगायचं होतं. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग आई वाट बघायलीय म्हणून निघून गेला. म्हातारीनेच पाठवलं असणार.

दुपारी राजेश्री माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. विचारलं, “बाई, मी येडी हाय का?”

मी म्हटलं, नाही गं, कोण म्हणतं.

“तुमच्या कागदावर हाय म्हनं.”

यादी कपाटात होती. चौथीतली पोरं कपाट आवरायला असतात, त्यांनी वाचली. मी त्यांना रागावले, खूप रागावले. पण अक्षर माझंच होतं. संध्याकाळी डबा तसाच परत आणला.

४ सप्टेंबर, गुरुवार

आजचं आजच लिहून ठेवते.

वही जवळपास झाली होती. मधल्या सुट्टीत बन्सीधर सरांना दाखवली, जरा कौतुक व्हावं म्हणून. त्यांनी पहिलं, मांडीवरच्या बाळाचं पान उघडलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, “हा फोटो तर मीच काढलाय.”

मी म्हटलं कधी? ते उठून बाहेर वरांड्यात गेले आणि भिंतीवर हात ठेवला. आता तिथे मोर आणि बाराखडी रंगवलेली आहे. तेव्हा नुसता पिवळा रंग होता. लॉकडाऊनमध्ये ऊसतोडीची माणसं फडावरून परत आली तेव्हा गावात घेण्याआधी त्यांना चौदा दिवस याच शाळेत ठेवलं होतं. ड्युटी सरांची. रोज संध्याकाळी सगळ्यांना वरांड्यात बसवून फोटो काढायचा आणि गटावर टाकायचा, हजेरी म्हणून. दत्ताने मागितला म्हणून त्यातला एक त्यांनी छापून दिला होता. हातावरचा शिक्का विलगीकरणाचा, तोंडाचा गमछाही त्यासाठीच.

एप्रिल २०२०. दाखल्यावर राजेश्रीचा जन्म २० जून २०१८. त्या एप्रिलला ती पावणेदोन वर्षांची असायला हवी. घरभर पळायला हवी. आणि फोटोत मान न धरलेलं, अडीच महिन्यांचं बाळ आहे.

मग पालथी पडलेली कोण?

सर भिंतीला टेकून खाली बसले. दाखला त्यांनी स्वतः प्रवेशाच्या अर्जाला चिकटवलाय जूनमध्ये. म्हणाले, कागद बघितला बाई, पोरगी बघितलीच नाही.

आणि मी? मी तर सव्वा महिना पोरगीच बघत होते. पार्वतीने फोटो बरोबर लावून दिले होते. मी ते उचलून चुकीचे लावले आणि वरून तिला शिकवलं.

६ सप्टेंबर, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर सर आणि मी त्यांच्या घरी गेलो. पत्र्याची दोन खोल्यांची जागा, अंगण शेणाने सारवलेलं. दत्ताची आई कडूबाई दारातच बसली होती. मी वही उघडली तसं दत्ताने खाली बघितलं आणि सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी हेच त्याच्या तोंडातून निघत नव्हतं.

पहिली मुलगी जून अठराची. बोरीच्या बाजारात दसऱ्याला तिचा फोटो काढला. दिवाळीनंतर फडावर नेली. फेब्रुवारीत ताप भरला, टेम्पोने घरी आणली, दोन दिवसांनी इथेच गेली. बांधाला पुरली. कुठे नोंद नाही. लहान लेकराची कोण करतो? पुढच्या फेब्रुवारीत फडावर असतानाच दुसरी झाली. मग लॉकडाऊन, सगळ्या कचेऱ्या बंद, अंगणवाडीही बंद. नाव तेच ठेवलं. घरात दाखला होता, आधार होतं, डोसाचं कार्ड होतं, तेच पुढे चालवलं.

“खोटं न्हाई केलं बाई,” दत्ता म्हणाला. “नाव तेच, मायबाप तेच, घर तेच.”

कडूबाई मध्येच बोलली. मेली म्हणूच नका, तीच माघारी आली. तेच नाक, तेच कपाळ. आपलं लेकरू आपल्याकडं आलं, त्याला दुसरं नाव कशाला द्यायचं?

सरांनी सावकाश समजावलं. वय दुरुस्त केलं की शिबिराचा प्रश्नच मिटतो. पण एका नावाच्या दोन मुली आणि आधार एकच. पहिलीची मृत्यूनोंद झाल्याशिवाय दुसरीचे कागद निघणार नाहीत. इथे घरी गेली म्हणजे नोंद इथलीच, फक्त फार उशीर झालाय म्हणून जिंतूरला प्रतिज्ञापत्र करावं लागेल.

कडूबाईचा चेहरा एकदम काळा पडला. म्हणाली, “जित्या लेकराच्या नावाम्होरं मयत लिवायचं? माझ्या जिवात जीव हाय तवर न्हाई.”

मी म्हटलं, आजी, ही अंधश्रद्धा आहे. असं बोलायला नको होतं. म्हातारी रागावली नाही, नुसती घाबरलेली होती. तिने राजेश्रीला ओढून मांडीत घेतलं आणि पदराखाली झाकलं. पार्वती सगळा वेळ चुलीकडे तोंड करून भाकरी थापत होती. एकदाही वळली नाही. तिचंही मत सासूसारखंच असणार.

१५ सप्टेंबर, सोमवार

सरांनी कमाल केली. दहा दिवस फोन करून करून फडाकडच्या आरोग्य केंद्रातून दुसरीच्या जन्माची नोंद शोधून काढली. १५ फेब्रुवारी २०२०, स्त्री जात, आईचं नाव पार्वती. बाळाच्या नावाचा रकाना रिकामा.

म्हणजे आज पाच वर्षं सात महिने. मी वही पहिल्यापासून वाचली. गोळ्याला पाय लावलेला माणूस, दुपारची झोप, लंगडी, दुधाचे दात, पाच बोटं. त्यातलं काहीच मागे नाही. बोलण्यात तर ती पुढे आहे. तिच्या हाताला तिचं वय ठाऊक होतं, तोंडाने ती बिचारी आम्ही शिकवलेलं म्हणत होती. माझ्या आईलाही फोटो बघूनच कळलं होतं, आणि मी तिची सातवी काढत बसले.

शिबिराच्या लोकांना फोन करून सगळं सांगितलं. ते सभ्यपणे म्हणाले, आम्ही आधारवरचं वय धरतो, त्यावरच गुण निघतात. कागद आणा, नाव काढतो. घरचे कागद करत नाहीत. दसरा झाला की हे लोक फडावर जाणार, राजेश्रीला आजीजवळ ठेवणार, आणि दहा तारखेला मला तिला हाताला धरून शिबिरात न्यावं लागणार. वर्गात शेवटी सगळ्यांसमोर सांगितलं की बाईंचा कागद चुकला होता, राजेश्री हुशार आहे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती झोपलेली होती.

२२ सप्टेंबर, सोमवार

पार्वती आली. एकटीच, खुरपं हातात, कामावरून तशीच. लेकरं खिचडीला बसली होती. वर्गात कोणी नव्हतं. खाली सतरंजीवर बसली, मीही खाली बसले.

वही बघायची म्हणाली. मी क्रम आता दुरुस्त केलाय. पहिल्या पानावर पालथं पडलेलं बाळ, खाली काहीच लिहिलेलं नाही, कारण काय लिहावं ते मला कळलं नव्हतं. तिने बघितलं आणि मान हलवली. मी तिची माफी मागितली, फोटोंबद्दल. ती म्हणाली, तुम्ही विचारलं तरी. सहा वर्षांत दुसऱ्या कोणी फोटो बघायलाच मागितले नव्हते. म्हणून नीट लावून दिले होते, कोणाला तरी कळावं म्हणून.

मग ती बोलायला लागली. मध्ये थांबली नाही. मोठी गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी सासू म्हणाली रडू नको, रडलं की वाट अडते, ती माघारी यायची आहे. म्हणून रडली नाही. दुसरी झाली तेव्हा सगळे म्हणाले आली बघ. मग तर रडायला कारणच उरलं नाही. सासू वाईट नाही म्हणाली, तिचीही दोन गेलेली, तिने अशीच समजूत घातली असेल स्वतःची.

“पर दोगी वायल्या व्हत्या बाई. मोठी झोपताना माझा कान धरायची. कान धरल्याबिगर डोळा मिटायची न्हाई. ही न्हाई धरत. साडेपाच वर्सं मी रोज हिला कुशीत घेऊन बघायलेय, आज धरंल, उद्या धरंल.”

मी रडले, चांगली हुंदके देऊन. ती मात्र शांत होती. आपल्या पदराने तिने माझं तोंड पुसलं. मी तिला सासूच्या विचाराची समजत होते. पाठमोरी बसली होती म्हणून.

शिबिराचं तिला सगळं ठाऊक होतं. म्हणाली, एकीच्या कागदाखाली दुसरी झाकली जायलीय, अन् पहिली तर झाकूनच टाकली. हे आता नको. तारीख विचारली. मी म्हटलं, आणि सासूबाई?

“त्यायचं मी बघते,” म्हणाली. खुरपं उचललं आणि गेली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दत्ताने सरांना निरोप दिला, सोमवारी येतो. घरात काय झालं ते कळलं नाही. राजेश्री म्हणाली, आजी दोन दिस जेवली न्हाई, मग आईनं तिला भरवलं.

वही परभणीला दिली नाही. मुदत वाढवून मागितलीय.

२९ सप्टेंबर, सोमवार

सकाळच्या एसटीने जिंतूर. दत्ता, पार्वती, राजेश्री आणि मी. सर शाळेवर थांबले. कडूबाई फाट्यापर्यंत सोडायला आली होती. बस दिसल्यावर राजेश्रीच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन तिच्या कानामागे लावलं आणि पाठ फिरवून चालू लागली. मी या खेपेला तिला काही समजावलं नाही.

कचेरीबाहेर लिंबाखाली अर्जनवीस बसतात. त्यातल्या एका म्हाताऱ्याने मजकूर लिहून घेतला. साधा, बोलका माणूस. आत जाण्याआधी एकदा वाचून दाखवावं लागतं, मग सही. सही बापाची चालेल म्हणाला. दत्ता पुढे झाला, तर पार्वती म्हणाली मी करते, मला येती. चौथीपर्यंत शिकलीय.

राजेश्री बाजूला पायरीवर बसून पेरू खात होती. आजूबाजूला पाच-पंचवीस माणसं, कोणी वारस लावायला आलेलं, कोणी उत्पन्नाच्या दाखल्याला. अर्जनवीसाने चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी, पार्वती दत्ता, राहणार अमुक, प्रतिज्ञेवर लिहून देते की माझी मुलगी नामे राजेश्री दत्ता...

“हजर!”

राजेश्री पेरू खाली ठेवून ताठ उभी राहिली होती, हात शिस्तीत मांड्यांना चिकटवून. वर्गात आम्ही शिकवलंय तसं. आजूबाजूची माणसं हसली. एकाने शाब्बास म्हटलं. अर्जनवीसाचा हात कागदावर तसाच राहिला. दत्ताने तोंड फिरवलं. मला वाटलं आता पार्वती उठून जाईल, आणि गेली असती तर मी तिला अडवलं नसतं.

तिने राजेश्रीला हात करून जवळ बोलावलं.

“तुला न्हाई माय. तुझ्या ताईचं नाव हाय ते.”

राजेश्रीने मागे वळून माणसांत बघितलं. कोणी दिसलं नाही. मग आईच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, ताई केवढी हाय?

“आठ महिन्याची,” पार्वती म्हणाली.

राजेश्रीने जरा विचार केला. “मग मीच मोठी की.”

“हां,” पार्वती म्हणाली, “आता तूच मोठी.” आणि अर्जनवीसाला म्हणाली, वाचा पुढं. त्याने वाचलं, दिनांक सव्वीस फेब्रुवारी दोन हजार एकोणीस रोजी राहत्या घरी मयत झाली. इतका वेळ कोरडी असलेली पार्वती तिथे सगळ्यांसमोर मोठ्याने रडली. राजेश्री तिच्या पाठीवर पेरूने चिकट झालेला हात फिरवत उभी राहिली. रडून झाल्यावर पार्वतीने पेन घेतला आणि सही केली.